चेहरा खेळाडूचा, हिशेब कुणाचा?

पालघर जिल्ह्याच्या बातम्या नेमाने वाचणाऱ्याला एक बातमी तोंडपाठ झालेली असते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, दापचरी किंवा अच्छाडच्या नाक्याजवळ, पोलिसांनी गुजरातकडून येणारा टेम्पो अडवला. वर भलताच माल आणि खाली गुटख्याची पोती. गाडी बदलते, किमतीचा आकडा बदलतो, बाकी मजकूर तोच. महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाला यांवर जुलै २०१२पासून बंदी आहे. अन्नसुरक्षा कायद्याखालचा तो आदेश दरवर्षी नव्याने काढला जातो. गुजरातनेही त्याच वर्षी गुटखा बंद केला. तरी माल येतो, कारण त्याला गिऱ्हाईक आहे. हे गिऱ्हाईक कसे तयार होते हे समजून घ्यायचे, तर नाक्यावरून उठून टीव्हीसमोर बसायला हवे.

आयपीएलच्या दिवसांत डहाणूच्या कोळीवाड्यापासून तलासरीच्या आतल्या पाड्यापर्यंत मोबाइलवर सामने चालू असतात. दोन षटकांच्या मध्ये जाहिराती येतात. २०२३च्या सुमारास कमला पसंद या नावाच्या, चांदीचा वर्ख लावलेल्या वेलचीची एक जाहिरात गाजली. तिच्यात सुनील गावसकर, कपिल देव, वीरेंद्र सेहवाग आणि ख्रिस गेल एकत्र होते. विकायला ठेवली होती ती वेलचीच. तिच्यात तंबाखू नाही, सुपारी नाही, म्हणून कायद्याच्या अक्षराला धक्का लागत नाही. पण त्याच नावाचा पानमसाला आहे, आणि पोराच्या डोक्यात राहते ते नाव. टपरीवर गेल्यावर ते नाव घेऊन तो वेलची मागतो का, हे कुठल्याही टपरीवाल्याला विचारावे.

२००३च्या ‘कोटपा’ कायद्याने तंबाखूची जाहिरात आणि तंबाखू कंपन्यांचे प्रायोजकत्व बंद केले. त्यानंतर ही आडवाट रुळली. अमिताभ बच्चन यांनी २०२१मध्ये याच नावाच्या जाहिरातीतून अंग काढून घेतले. अक्षय कुमारने २०२२मध्ये अशाच दुसऱ्या जाहिरातीबद्दल चाहत्यांची माफी मागितली. मार्च २०२५मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी आयपीएलच्या अध्यक्षांना पत्र लिहून तंबाखू आणि दारूच्या सर्व जाहिराती, आडून येणाऱ्यासुद्धा, मैदानात आणि प्रक्षेपणात बंद करायला सांगितले. म्हणजे दुखणे कुठे आहे ते सरकारला ठाऊक आहे.

गावसकरांचे नाव त्या यादीत पाहून मला जास्त लागले, हे लिहायलाच हवे. १९७१मध्ये वेस्ट इंडीजमध्ये पहिल्याच मालिकेत ७७४ धावा काढणारा, ताडदेवच्या चिखलवाडीतून आलेला हा मुलगा मराठी मध्यमवर्गाने घरातला मानला. लोकांनी असा जीव लावलेला चेहरा कुणाला भाड्याने द्यायचा, याची जबाबदारी त्या चेहऱ्याच्या धन्यावर असते.

आता याच पट्ट्यातल्या शरीराकडे पाहू. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. त्यांत ओढणारे ३.८ टक्के आणि तोंडात ठेवणारे २४.४ टक्के. म्हणून आपल्याकडचा तंबाखूचा कर्करोग फुफ्फुसाआधी गालात, हिरडीवर, जिभेच्या कडेला दिसतो. वीटभट्टीवर, बांधकामावर, बोटीवर दिवस काढणाऱ्या माणसाच्या कमरेला तंबाखू-चुन्याची डबी असते. बायकांच्या हाती सकाळी मशेरी असते. भूक मारायला, जाग राहायला, दाताची कळ थांबवायला हे सुरू होते. गालाच्या आत पांढरा चट्टा येतो, तिखट लागेनासे होते, तोंड उघडेनासे होते. उघडलेल्या तोंडात आपलीच तीन बोटे उभी जात नसतील तर डॉक्टरला दाखवावे, ही साधी खूण आहे. ती सांगणारी जाहिरात मी आयपीएलमध्ये कधी पाहिली नाही.

आणि गाठ हाताला लागल्यावर काय होते? डहाणूत उपजिल्हा रुग्णालय आहे, तलासरीत ग्रामीण रुग्णालय आहे. तिथून चिठ्ठी मिळते आणि माणसे म्हणतात, “टाटाला जायला सांगितलंय.” परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१पासून उभे आहे आणि देशभरचे रुग्ण तिथे येतात. डहाणू रोडपर्यंत लोकल आली ती एप्रिल २०१३मध्ये. चर्चगेटपासूनचे हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तलासरी गावाला स्टेशन नाही. तिथल्या माणसाला आधी जीप किंवा एसटीने रेल्वे गाठावी लागते. लोकलमध्ये अपंगांच्या राखीव डब्यात कर्करुग्णाला बसता येते. राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रियेचा आणि औषधांचा मोठा भाग भागतो. पण बुडालेली मजुरी, सोबत आलेल्या माणसाचे जेवण, तपासण्यांच्या तारखांमधले मुंबईतले दिवस हे त्या योजनेत नाहीत. त्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळची नाना पालकर स्मृती समिती आहे. तिथे जागा नसली की रुग्णालयाबाहेरचा फूटपाथ.

ही एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूला कर्करोगासाठी पैसा उभा करणाऱ्या मोहिमा आहेत, आणि तिथेही मध्यभागी खेळाडूच आहे.

आधुनिक काळातली ही पद्धत घडवली लान्स आर्मस्ट्राँगने. १९९६मध्ये या अमेरिकन सायकलपटूला वृषणाचा कर्करोग झाला, तो फुफ्फुसात आणि मेंदूत पसरला होता. तो बरा झाला, १९९७मध्ये त्याने संस्था काढली, १९९९पासून सलग सात वेळा टूर द फ्रान्स जिंकला. २००४मध्ये नायकेबरोबर त्या संस्थेचा पिवळा रबरी पट्टा बाजारात आला, किंमत एक डॉलर. असे आठ कोटींहून जास्त पट्टे खपले. आपल्याकडेही त्या काळात कॉलेजच्या मुलांच्या मनगटांवर तसे पट्टे दिसायचे. ते कशासाठी होते हे बहुतेकांना माहीत नसायचे. ऑक्टोबर २०१२मध्ये उत्तेजकांचे प्रकरण उघडकीला आले, सातही विजेतेपदे गेली, नायकेने करार तोडला, त्याने स्वतःच्याच संस्थेचे अध्यक्षपद सोडले. पुढच्या वर्षी नायकेने त्या संस्थेच्या नावाचे कपडे बनवणेही थांबवले. संस्था टिकली, पण लहान झाली. रुग्णांना मदत करणाऱ्या त्या कर्मचाऱ्यांनी काहीच पाप केले नव्हते. एका चेहऱ्यावर सगळे काम टेकवले की चेहऱ्याबरोबर कामही घसरते.

या कथेतला एक तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आर्मस्ट्राँगवर इंडियानापोलिसमध्ये लॉरेन्स आइनहॉर्न यांच्या देखरेखीखाली उपचार झाले. युवराज सिंगवरही तिथेच, त्यांच्याच सल्ल्याने झाले. युवराजची गोष्ट आपल्याला पाठ आहे: २०११च्या विश्वचषकात ३६२ धावा, १५ बळी, मालिकावीर, खोकताना रक्त पडत असताना तो खेळला, दोन फुफ्फुसांच्या मध्ये गाठ निघाली, २०१२च्या सुरुवातीला केमोथेरपी, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुन्हा भारतीय संघात. आजाराआधी तो एका आयुर्विमा कंपनीच्या जाहिरातीत होता. परतल्यावर त्याचा कर्करोगही जाहिरातीचा विषय झाला. लढवय्या, जिद्द, मैदानावर परतलेला वाघ असे शब्द तेव्हा वर्तमानपत्रांत रोज छापले जात.

जिद्द खरी होती, यात शंका नाही. पण दोघांना वाचवले ते सिस्प्लॅटिनवर आधारलेल्या औषधयोजनेने. आइनहॉर्न यांनी १९७४मध्ये ती वृषणाच्या कर्करोगासाठी वापरली आणि असाध्य समजला जाणारा तो आजार बरा होऊ लागला. ते औषध आज जुने आहे, कुणाच्या पेटंटमध्ये अडकलेले नाही. परळच्या टाटा रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या आणि तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना किरणोपचारासोबत तेच औषध दिले जाते. तलासरीच्या पाड्यावरून आलेल्या बाईला खेळाडूपेक्षा कमी जिद्द असते, असे मला कुणी सांगू नये. नांगरणी, लावणी, भट्टी, पोरे, आणि वर आजार, हे ती रोज ओढते. तिच्याकडे वेळेवर झालेले निदान नसते. खेळाडूची गोष्ट धैर्याची म्हणून विकली जाते आणि औषध, निदान, प्रवास, नर्स हे सगळे पडद्यामागे जाते. मग न वाचलेल्या माणसाबद्दल नकळत असे वाटू लागते की तो पुरेसा लढला नाही.

भारतात कर्करोगाचा सर्वांत ओळखीचा चेहरा खेळाडूचा नाहीच. तो भुसावळच्या चोवीस वर्षांच्या मुकेशचा आहे. टाटा रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगाने गेलेल्या या मजूर तरुणाला तंबाखूविरोधी जाहिरातीत सिनेमागृहात बसलेल्या प्रत्येकाने पाहिले. त्याला कुणी प्रायोजक नव्हता.

युवराजने ‘यूवीकॅन’ ही संस्था उभी केली, तपासणी शिबिरे घेतली, रुग्ण मुलांना मदत केली. ते काम चांगले आहे. पण ऑक्टोबर २०२४मध्ये याच संस्थेची स्तनांच्या कर्करोगाची जाहिरात दिल्ली मेट्रोच्या डब्यात लागली. तिच्यात बसमधल्या बायकांच्या हातांत संत्री होती, आणि दर महिन्याला संत्री तपासा असा सल्ला होता. बायकांनी आक्षेप घेतला, मेट्रोने जाहिरात काढली. ज्या अवयवाचा आजार आहे त्याचे नाव घ्यायला जाहिरात लाजते, आणि मग पाड्यावरच्या बाईने मात्र तो अवयव परक्या डॉक्टरला दाखवावा अशी अपेक्षा करते. गावोगावच्या आशा कार्यकर्त्या, म्हणजे आशाताई, हे काम जाहिरातीपेक्षा बरे करतात, कारण त्या त्याच पाड्यातल्या असतात आणि आजाराबद्दल सरळ बोलतात.

स्तनांच्या कर्करोगाच्या मोहिमांना चिकटलेल्या गुलाबी रंगाची हकिगत इथे सांगायला हवी. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात शार्लट हेली नावाची ६८ वर्षांची बाई घरी बसून पीच रंगाच्या फिती बनवत असे. सोबतच्या कार्डावर ती लिही की राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पैशातला फक्त पाच टक्के भाग प्रतिबंधावर खर्च होतो, हे बदलायला हवे. एक मासिक आणि एस्टी लॉडर ही प्रसाधनांची कंपनी तिच्याकडे आली. तिने नकार दिला. तिला हा व्यापार नको होता. कंपनीने रंग बदलला आणि १९९२मध्ये गुलाबी फीत आली. प्रतिबंधाची मागणी त्या फितीतून गळाली. २०१०पर्यंत मजल इथवर गेली की केएफसीने तळलेली कोंबडी गुलाबी बादल्यांतून विकून स्तनांच्या कर्करोगासाठी पैसे गोळा केले.

आपल्याकडे गुलाबी रंग घराघरात नेला मिलिंद सोमणने. राष्ट्रीय पातळीवरचा हा जलतरणपटू, मॉडेल आणि धावपटू. २०१२मध्ये त्याने ‘पिंकेथॉन’ ही फक्त स्त्रियांची दौड सुरू केली आणि पुढे मोठमोठ्या कंपन्या तिच्या नावाआधी लागल्या. या दौडीबद्दल माझ्या मनात आदर आहे. साडी नेसून, नातवंडाचा हात धरून, आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर धावलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद विकाऊ नव्हता. दृष्टिहीन बायका तिथे धावल्या, कर्करोगातून उठलेल्या बायका धावल्या. पण या रंगाने एकाच कर्करोगाला जागा दिली. ग्रामीण महाराष्ट्रात, बार्शीच्या कर्करोग नोंदणीने १९८७पासून दाखवल्याप्रमाणे, गर्भाशयमुखाचा कर्करोग बायकांना फार मोठ्या प्रमाणात गाठतो. त्याला रंग नाही, दौड नाही, टी-शर्ट नाही, कारण तो ज्या बायकांना होतो त्यांच्याकडे खरेदीची ताकद नाही.

इथे पैशाचा कायदा वाचकाने समजून घ्यावा. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५नुसार ठरावीक आकारावरच्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे असतात. जून २०१४मध्ये केंद्र सरकारने परिपत्रक काढून स्पष्ट केले की मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरात, टीव्ही कार्यक्रमांचे प्रायोजकत्व असे एकवेळचे कार्यक्रम या खर्चात धरता येणार नाहीत. २०२१च्या नियमांनी आणखी बजावले की आपल्या मालाच्या जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी दिलेले प्रायोजकत्व हे सामाजिक दायित्व नव्हे. म्हणजे दौडीच्या कमानीवर जे नाव झळकते, तो पैसा कायद्याच्या दृष्टीनेही जाहिरातीचा असतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. फक्त त्याला दान म्हणू नये आणि आपण टाळ्या वाजवताना तो फरक विसरू नये.

त्याच कलमात असेही आहे की कंपनीने ज्या भागात ती काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावे. पालघर जिल्ह्यात कंपन्यांची कमी नाही. तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, डहाणूचे ५०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे, बुलेट ट्रेनचे खांब इथून चालले आहेत, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली, अंदाजे खर्च ७६ हजार कोटींवर. ज्यांची जमीन, खाडी आणि मासळी या प्रकल्पांच्या वाटेत आहे, त्यांच्या तोंडातला चट्टा वेळेवर पाहणारा माणूस नेमणे या आकड्यांपुढे किती स्वस्त असेल!

असे काम होऊ शकते, आणि खेळाडूच्या नावानेही होऊ शकते. ऑस्ट्रेलियाचा ग्लेन मॅकग्रा आणि त्याची पत्नी जेन यांनी २००५मध्ये संस्था काढली. जेन स्तनांच्या कर्करोगाने जून २००८मध्ये गेली. जानेवारी २००९पासून सिडनीची नववर्षाची कसोटी गुलाबी रंगात खेळली जाते. जानेवारी २०२१मध्ये अजिंक्य रहाणेच्या संघाने हनुमा विहारी आणि अश्विनच्या जिद्दीवर वाचवलेली ती कसोटी हीच. तिथेही प्रायोजक आहेत, टोप्या आहेत, जाहिराती आहेत. पण पैसा कशाला जातो हे शेंबडे पोरही सांगेल: नर्सना. कर्करुग्णाच्या सोबतीला राहणाऱ्या प्रशिक्षित नर्स, त्यातल्या कितीतरी शहरांपासून दूरच्या भागांत, आणि रुग्णाला फुकट. अशा दोनशेहून अधिक नर्स आज कामावर आहेत. एखादा प्रायोजक उद्या निघून गेला तरी कुठल्या गावाची कोणती नर्स जाणार हे लोकांना कळेल, आणि लोक भांडतील.

कॅनडाचा टेरी फॉक्स हे दुसरे उदाहरण. हाडाच्या कर्करोगात पाय गमावलेला हा मुलगा १९८०मध्ये कृत्रिम पायावर १४३ दिवस धावला, ५,३७३ किलोमीटर. आपल्या धावण्याचा कुणी धंदा करू नये अशी त्याची अट होती. १९८१मध्ये, बाविसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या नावाच्या दौडींत आजही कंपन्यांची नावे झळकवायची नाहीत असा दंडक आहे. मुंबईतही ही दौड भरत आली आहे.

आणि आपल्या घरचे उदाहरण सचिन तेंडुलकरचे. १९९६चा विश्वचषकच सिगारेटच्या नावाचा होता, विल्सचा. संघातल्या अनेकांच्या बॅटवर सिगारेट कंपन्यांचे स्टिकर होते. सचिनची बॅट त्या काळात कोरी होती. तंबाखू आणि दारूची जाहिरात करणार नाही असा शब्द त्याने वडिलांना, कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकरांना, दिला होता आणि त्याने तो पाळला. त्या एका नकाराने वाचवलेली तोंडे कुणी मोजलेली नाहीत, पण कर्करोगासाठी खेळाडूने केलेल्या कामांत मी त्याला फार वर ठेवतो. पालघरजवळच्या माहीमचा शार्दुल ठाकूर किट खांद्यावर टाकून लोकलने मुंबईला जात भारतीय संघापर्यंत पोचला. त्याच रुळांवरून या जिल्ह्यातले रुग्ण परळला जातात. इथल्या मुलांना तो आपला वाटतो. अशा मुलांच्या नजरेत असलेल्या प्रत्येक खेळाडूने सचिनचा तो शब्द स्वतःही द्यावा.

मग डहाणू-तलासरीत नेमके हवे काय? उत्तर मुंबईतच मिळाले आहे. १९९८पासून टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक मोठा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच, लावून तपासणी केली. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३मध्ये निष्कर्ष मांडले: या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तुलनेच्या गटातल्या स्त्रियांची तपासणी केली नाही यावरून वाद झाला, आणि तो रास्त होता. पण उपाय सिद्ध झाला. त्याच अभ्यासात हातांनी केलेल्या स्तनांच्या तपासणीने पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधले मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्र नाही, वीज नाही, चमकदार कमान नाही.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकाची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी कागदावर आहेच. आशाताई त्याचे फॉर्म भरतात. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या फक्त १.९ टक्के निघाल्या, स्तनांची ०.९ टक्के, तोंडाची ०.९ टक्के. गुलाबी ऑक्टोबर इतकी वर्षे साजरा होऊनही स्तनांच्या तपासणीचा आकडा एक टक्क्यावर पोचलेला नव्हता. कागद आणि शरीर यांच्या मधली जागा भरायला प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षित नर्स, तपासणीत काही सापडले तर त्या बाईला हाताला धरून परळपर्यंत नेणारी आणि पुढच्या तारखेची आठवण करणारी एक व्यक्ती, आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई इतके हवे. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे भट्ट्यांवर आणि बांधकामांवर जगायला जातात, म्हणून शिबिर फेब्रुवारीत नको, पावसाळ्यात हवे. हे शहरातल्या जाहिरात संस्थेला कळणार नाही, पण कुठल्याही आशाताईला माहीत आहे.

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन येईल. कर्करोगाच्या नावाने धावायला, टी-शर्ट घ्यायला, देणगी द्यायला तुम्हाला कुणीतरी सांगेल. जरूर धावा. पण आधी विचारा: माझ्या पैशातून कुणाचा पगार निघणार, कोणत्या तालुक्यात आणि किती वर्षे? आणि या मोहिमेवरचा चेहरा किंवा नाव दुसरीकडे कुठे वेलचीच्या पुडीवर तर नाही ना? सरळ उत्तर मिळाले तर दुप्पट द्या. नाही मिळाले तर तो पैसा घेऊन दादरच्या धर्मशाळेत जा, तिथल्या कार्यालयात पावती फाडा, आणि डहाणूहून आलेल्या एखाद्या रुग्णाच्या परतीच्या प्रवासाची चौकशी करा.